नव्वदला स्टेअरिंग हलतं

बाईंचा राग नाकावर असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गेल्या पाच आठवड्यांत तो नाकावरून उतरून हातात आला होता, आणि सगळा घोळ तिथेच होता.

बाई म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई. एकतीस वर्षं त्यांनी एकच धंदा केला: शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून, लोकांना गाडी शिकवायची. रडणारे, देवाचं नाव घेणारे, वळताना डोळे मिटणारे, सगळे नमुने त्यांच्या हाताखालून गेले. शेवटच्या दिवशी बाई चपला काढायच्या, सीटवर मांडी घालून बसायच्या आणि म्हणायच्या, "चल, कुठे नेतोस?" ब्रेकवरचा पाय वर गेला, म्हणजे तुम्ही पास. सरकारी परीक्षा नंतरची. बाईंनी मांडी घातली आणि माणूस नापास झाला, असं क्वचितच घडलं.

मांडीची ही रीत मुळात त्यांची नव्हती, ताईची होती. बाविसाव्या वर्षी बाई गाडी शिकल्या तेव्हा घरातलं कुणी शेजारी बसायला तयार नव्हतं. वडील म्हणाले होते, मला अजून जगायचंय. तेव्हा थोरली बहीण फाटकातून बाहेर आली, चपला काढल्या, सीटवर ऐसपैस मांडी घातली आणि म्हणाली, "चल, कुठे नेतेस?"

ती ताई आता साठ किलोमीटरवर वृद्धाश्रमात होती. तिला सकाळ-संध्याकाळ कळत नव्हती, नर्सला ती आई म्हणायची आणि आठवडाभर कशाला तरी घाबरून असायची. ओळखायची ती फक्त बाईंना. दर गुरुवारी बाई हायवेने जायच्या, ताईला गाडीत घालून नदीच्या मोठ्या पुलापर्यंत न्यायच्या आणि परत आणून सोडायच्या. तेवढा एक तास ताई घाबरलेली नसायची.

आणि ह्या गुरुवारांवरच मुलाने घाला घातला.

झालं असं, की मुलगा एकदा सुट्टी होती म्हणून बरोबर आला. हायवेवर काटा नव्वदला पोहोचला आणि त्याने आईच्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून बोटांपर्यंत दोन्ही हात थडथडत होते.

"आई, तुझे हात थरथरतायत."

"माझे नाही रे, स्टेअरिंग हलतंय. मागच्या गुरुवारपासून हलतंय."

"बाजूला घे गाडी."

घेतली. परत येताना त्याने स्वतः चालवली, ती सत्तरने, जपून. घरी उतरल्यावर म्हणाला, "बघ. काही हलत नाही." आणि किल्ली खिशात टाकली.

सत्तरला हलत नाहीच! बाई हेच तर घसा फोडून सांगत होत्या. पण सांगताना त्यांना राग येत होता, आणि रागात त्यांचे हात लहानपणापासून थरथरत. मुलगा नुसता हाताकडे बोट दाखवायचा. "बघ. आत्ताही." आता ह्याच्यावर काय बोलणार? भांडावं तर हात थरथरतात, न भांडावं तर किल्ली परत मिळत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

एके दुपारी घरात कुणी नसताना बाईंनी पेला काठोकाठ भरला आणि हात लांब करून धरला. पाणी हललं. काठावरून एक थेंब ओघळला. म्हातारपणाने हललं की पाच आठवड्यांच्या संतापाने, हे पाण्याला विचारता येत नव्हतं. बाई घाबरल्या. मग घाबरल्याचाच त्यांना इतका राग आला की पेला मोरीत आपटला.

गाडी गॅरेजमध्ये दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा बाई जातीने हजर होत्या. गॅरेजवाला त्यांचाच विद्यार्थी. त्याचं पाळण्यातलं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. त्याला गाडी मागे घेता यायची नाही म्हणून बाईंनी 'रिव्हर्स' म्हटलं आणि तेच पाटीवर लागलं. रिव्हर्सने दोन्ही वेळा चाकं मशीनवर चढवून बॅलन्सिंग केलं, बाईंना चहा पाजला, गाडी मागच्या रस्त्यावर फिरवून आणली आणि सांगितलं, "बाई, साठपर्यंत पळवली. लोण्यासारखी चालते." हायवेवर न्यायला त्याला वेळ नव्हता. मुलाने तिसऱ्यांदा गाडी तिथे नेली तेव्हा बाईंना विचारलंही नाही.

सहाव्या गुरुवारी सकाळी बाई पायी निघाल्या आणि गॅरेजमध्ये धडकल्या.

"या बाई, या. चहा सांगतो."

"चहा मरू दे. गाडी कुठाय?"

गाडी कोपऱ्यात उभी होती, नवरीसारखी नटलेली. काचा लखलखीत, आतली पायपुसणी नवीन.

"ही धुतली कुणाच्या सांगण्यावरून?"

रिव्हर्सने हात फडक्याला पुसले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला. "दादा म्हणाले, एखादं चांगलं गिऱ्हाईक असेल तर बघ. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. पोटच्या पोराने न विचारता आपली गाडी विकायला काढली! ज्या पोराला ह्याच हातांनी भरवलं, ह्याच हातांनी स्टेअरिंग धरायला शिकवलं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. दुःखाला अजून वेळ मिळाला नव्हता. रिव्हर्सने चहाचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी दोन घोट घेतले आणि उठल्या.

"गाडी वर घे. पुढची चाकं काढ."

"बाई, दोनदा बॅलन्सिंग केलंय. मशीनवर शून्य दाखवतं, शून्य!"

"तोंड मिट आणि कान उघड. ब्रेक दाबला की वाढतं का? नाही. म्हणजे ब्रेकची डिस्क नाही. गाडी न्यूट्रलला सोडली तरी हलतं, म्हणजे इंजिन नाही. सीट हलत नाही, स्टेअरिंगच हलतं, म्हणजे पुढची चाकं. पंच्याऐंशीला सुरू होतं, नव्वदला जोरात, एकशे दहाला गायब. ही म्हातारीच्या हातांची लक्षणं आहेत का रे? माझे हात काय काटा बघून थरथरतात?"

रिव्हर्सने गाडी वर घेतली.

आणखी एक गोष्ट बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होती, पण ती त्यांनी गिळली होती. हे सगळं नव्या चाकांपासून सुरू झालं होतं. त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला मुलाने जुनी लोखंडी चाकं काढून चकचकीत अलॉय व्हील्स बसवून दिली होती, ती इथेच, रिव्हर्सकडे. पोराने हौसेने दिलेल्या भेटीला नावं कशी ठेवायची, म्हणून त्या गप्प बसल्या. आता त्यांना स्वतःचीच चीड आली. भिडे भिडे पोट वाढे, दुसरं काय.

चाक निघालं. बाईंनी चष्मा चढवला आणि वाकून आधी चाकाच्या मधलं भोक पाहिलं, मग गाडीचा हब, म्हणजे ज्या गोल उंचवट्यावर ते भोक बसतं तो. चाक पुन्हा हबवर टेकवायला लावलं आणि मधल्या फटीत करंगळीचं नख घातलं. नख आरामात आत गेलं.

"हे काय?"

"भोक जरा मोठं आहे. ही चाकं सगळ्या गाड्यांना चालावी म्हणून तशीच येतात."

"तुझं मशीन चाकाला शंकूने बरोब्बर मध्यात धरतं. म्हणून शून्य. गाडीवर मध्यात कोण धरतं?"

"नट धरतात की."

"तू गाडी जमिनीवर टेकवून, हातात गन घेऊन टर्र टर्र नट आवळणार, आणि चाक आपणहून मध्यात जाऊन बसणार? जिकडे पहिला नट ओढेल तिकडे ते जाणार. केसभर सरकलं तरी नव्वदला नाचणार! ह्या फटीत रिंग असते, गाढवा. चाकांबरोबर चार रिंगा आल्या असतील. प्लास्टिकच्या. कुठायत?"

रिव्हर्सचा चेहरा आधी कोरा झाला, मग हळूहळू भरत गेला. तो टेबलाकडे बघत होता. बाईंनीही पाहिलं. त्यांचा अर्धा प्यालेला चहाचा ग्लास एका काळ्या प्लास्टिकच्या रिंगमध्ये डाग न पाडता व्यवस्थित बसला होता. शेजारी रिव्हर्सचा ग्लास, तोही तसाच. तिसरीत सुट्ट्या नटांचा ढीग होता. चौथी खिळ्याला टांगलेली, तिच्यात फडकं.

"बाई, मला वाटलं, ती पॅकिंग होती."

तीन वेळा. तीन वेळा बाईंनी त्याच रिंगवर आपला चहा ठेवला होता आणि उचलून प्यायला होता. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्या ओरडल्या. शेजारच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी राहिली इतकं ओरडल्या. पॅकिंग! पाच गुरुवार माझी बहीण खिडकीशी बसून होती आणि तू तिच्या रस्त्यावर चहाचे ग्लास ठेवत होतास!

रिव्हर्सने चारही रिंगा स्वतः घासून धुतल्या. ह्या वेळी चाकं हवेत असतानाच, हाताने, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. बाई डोक्याशी उभ्या होत्या. झाल्यावर त्यांनी मुलाला फोन केला. दोनच शब्द बोलल्या, "ये. आत्ता."

मुलगा ऑफिसातून तसाच आला. रिव्हर्सने खाली मान घालून त्याला सगळं सांगितलं. मग बाई गाडीत बसल्या आणि शेजारचं दार उघडून वाट पाहत राहिल्या. मुलगा बसला.

हायवे लागला. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. स्टेअरिंग भिंतीत बसवल्यासारखं होतं. त्याच्यावरचे दोन हात सुरकुतलेले होते, शिरा वर आलेले होते, आणि जागच्या जागी होते.

"बघ," बाई म्हणाल्या. "नीट बघ."

"हो. तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "गाडी नाही विकत, बस? पण आई, सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, ती राहू दे. आणि हायवेला एकटीने नको आता. महिन्यातून एकदा मी नेईन ना तुला. शेवटी वय आहे."

बाईंनी आरशात पाहिलं, मग सवयीने शेजाऱ्याच्या पायाकडे. मुलाचा उजवा पाय पायपुसणीवर घट्ट रुतला होता. तिथे ब्रेक नव्हता, तरी तो दाबत होता. एकतीस वर्षं तोच पाय त्यांचा होता. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायला नको होता. ह्याला स्टेअरिंगशी काही देणंघेणं नव्हतं. खटला खोटा ठरला होता आणि शिक्षा तशीच होती.

पुढे बसथांबा होता. बाईंनी गाडी कडेला घेतली.

"मांडी घाल."

"काय?"

"तुला शिकवताना मी पंधराव्या दिवशी घातली होती. आदल्याच दिवशी तू दुधाच्या गाडीला धडकला होतास. तरी घातली. आता तू घाल."

"आई, पायात बूट आहेत."

"काढ."

तो खरंच खाली वाकला. लेसला हातही लावला. बाई त्याच्या मानेकडे बघत राहिल्या, लहानपणापासून तिथे असलेल्या तिळाकडे, आणि त्यांना वाटलं, काढतोय. मग तो सरळ झाला. "हा काय पोरकटपणा आहे? मी काळजीने बोलतोय."

"मग काळजी घेऊन उतर. इथून दर वीस मिनिटांनी बस आहे."

तो उतरला. दार लावताना काहीतरी म्हणाला, ते बाईंनी ऐकलं नाही. पुढचे चाळीस किलोमीटर त्या एकट्याच मोठमोठ्याने भांडत गेल्या, आणि स्टेअरिंग एकदाही हललं नाही.

ताई खिडकीशीच होती. पाच आठवड्यांत तिची हनुवटी टोकदार झाली होती. बाई पुढे झाल्या तशी ती खुर्चीत मागे सरकली.

"कोण तुम्ही?"

नर्स हळूच म्हणाली, "गेल्या पंधरवड्यापासून असंच आहे." पाच गुरुवारांची किंमत ही होती, आणि आता ती कुणाकडूनही वसूल होणार नव्हती, ना मुलाकडून, ना रिव्हर्सकडून. बाईंना किंचाळावंसं वाटलं. त्यांनी ताईचा दंड धरला आणि काही न बोलता तिला गाडीपर्यंत आणलं. ताई वाटभर कुरकुरत होती, मला घरी जायचंय, मला आईकडे जायचंय.

बाईंनी तिला सीटवर बसवलं, पट्टा लावला, वळसा घालून आपल्या जागी बसल्या. किल्ली हातात घेतली. हात थरथरत होते. ह्या वेळी ते त्यांचेच होते आणि कुणालाही तसं सांगायला त्या तयार होत्या.

शेजारी काहीतरी खसखसलं. ताई वाकली होती. तिने एक चप्पल काढली, मग दुसरी. मग दुखरे गुडघे हातांनी एकेक करून वर उचलले, सीटवर मांडी घातली आणि ह्या अनोळखी बाईकडे बघून म्हणाली, "चल, कुठे नेतेस?"