मुळ्याचा ठोकळा

प्यो सरांनी लाल पेन्सिलीने ओक्सनच्या कागदावरच्या डावीकडच्या आकृतीभोवती गोल केला आणि तिथून पार उजव्या कडेपर्यंत बाण ओढला.

“उजवीकडून दिसतं ते उजवीकडे काढायचं, ओक्सनबाई. किती वेळा सांगू?”

“मावशी आरशात बघून काढतात, सर,” शेजारचा ग्युसिक म्हणाला. आठवडाभर मोटरसायकलवरून पार्सलं पोचवून तो शनिवारी यंत्राच्या आकृत्यांच्या या वर्गाला यायचा आणि जागं राहण्यासाठी कुणाची तरी थट्टा करायचा.

ओक्सनने त्याच्याकडे पाहिलं नाही. खोडरबराचा भुगा फुंकला, गुण्या टी-पट्टीला टेकवला आणि पुन्हा रेघा मारायला घेतल्या. तिच्या रेघांना नाव ठेवायला जागा नव्हती. हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईचा हात इतका सरळ कसा, याचं सरांना पहिल्या दिवसापासून नवल वाटत होतं. घरी नवऱ्याने शिकवलंय, एवढंच ती सांगायची.

ती काही नोकरी मिळवायला इथे आली नव्हती. तिला आपल्या नवऱ्याचं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं.

तिचा नवरा हाक्चोल चिनी हद्दीतल्या येनजीचा. तिथल्या तंत्रशाळेत तो मशीनवर तयार झाला होता, पण इंचॉनला आल्यावर बरीच वर्षं सिमेंटच्या गोण्या वाहण्यात गेली. सरहद्दीपलीकडचा कोरियन म्हटला की इथले लोक आधी त्याचे हेल काढून हसतात आणि मग गोणी दाखवतात. को मुकादमाने तसं केलं नाही. त्याने हाक्चोलला गोण्यांमधून उचलून कारखान्यातल्या मशीनवर उभं केलं. तयार नमुना समोर ठेवायचा आणि तसाच दुसरा कापायचा, असं काम वसंतात सुरू झालं. उन्हाळ्यात एका प्रेसच्या संरक्षक जाळीचा ब्रॅकेट तुटला. त्याचा नमुना नव्हता. कोने घाईघाईत एका कागदावर आकृती काढून दिली, हाक्चोलने ती बघून ब्रॅकेट कापला आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांनी तो बसवला. जाळी लागलेली दिसत होती, पण खटका धरत नव्हता. तुआन नावाचा व्हिएतनामी पोरगा तिला टेकला, जाळी उघडली आणि तो प्रेसखाली गेला.

ब्रॅकेटचा कान, म्हणजे खटका अडकायची पट्टी, उलट्या बाजूला होता. को म्हणत होता, मी आकृती बरोबर काढली. हाक्चोल म्हणत होता, मी आकृतीबरहुकूम कापलं. आकृतीचा कागद त्याच दिवशी तेलाच्या चिंध्यांबरोबर जळून गेला होता. सोमवारी हाक्चोलची साक्ष होती. ती टिकली तर को तुरुंगात जाणार होता. नाही टिकली तर हाक्चोल जाणार होता, आणि सुटल्यावर नवरा-बायको दोघांचीही रवानगी सरहद्दीपलीकडे होणार होती.

मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ओक्सन कोच्या बायकोला सगळ्यांसमोर म्हणाली होती, “तुमच्या नवऱ्याने एका आईचं पोर खाल्लं.” त्या बाईने मान खाली घातली होती. ते आठवलं की ओक्सनला अजून बरं वाटायचं.

वर्ग सुटला. ग्युसिक हेल्मेट घेऊन गेला. ओक्सनने पिशवीतून चार घड्यांचा एक कागद काढला आणि सरांच्या टेबलावर पसरला.

“सर, हे वाचून द्याल? कान कुठल्या बाजूला येतो?”

कोने काढली होती तशी आकृती हाक्चोलने तिला आठवून काढून दिली होती. एक समोरून दिसणारी आणि त्या आकृतीच्या उजवीकडे एक बाजूने दिसणारी. मागच्या लपलेल्या कडा दाखवणाऱ्या तुटक रेघा कुठेच नव्हत्या. कोने घाईत त्या मारल्याच नव्हत्या.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “कान मागे. आपल्यापासून लांब.”

“पुढे ना?”

“मागे. बघा.” त्यांनी कागदाच्या कडेला बोट ठेवलं. “ही आकृती उजवीकडे आहे, म्हणजे उजवीकडून बघितलंय.”

“पण ती डावीकडून बघितलेली असेल तर? डावीकडून बघायचं आणि उजवीकडे काढायचं.”

 सरांनी टेबलाखालून प्लॅस्टिकची पारदर्शक पेटी काढली, आत लाकडाचा ठोकळा ठेवला आणि उजव्या भिंतीवर टिचकी मारली.

“आम्ही वस्तू काचेच्या पेटीत ठेवतो. ज्या काचेतून जे दिसतं ते त्याच काचेवर गिरवायचं आणि पेटी उलगडायची. उजवीकडचं उजवीकडेच राहतं.” मग ठोकळा बाहेर काढून त्यांनी तो खिडकीच्या उन्हात भिंतीसमोर धरला. “काही ठिकाणी असं धरतात. डावीकडून बघायचं आणि पलीकडच्या भिंतीवर सावली पडते तिथे काढायचं. म्हणजे डावीकडचं जातं उजवीकडे. दोन्ही बरोबर आहे. फक्त कोण कुठलं वाचतोय ते माहीत पाहिजे.” त्यांनी ठोकळा पेटीत परत ठेवला. “तुमचे यजमान कुठे शिकले?”

“येनजीला.”

“तिकडे सावलीच शिकवतात,” सर म्हणाले. त्यांनी कागदाची घडी जशी होती तशी घालून तिच्या हातात दिली. “मला आधीच लक्षात यायला हवं होतं. तुमचं काही चुकत नव्हतं, बाई. तुम्ही तिकडचं काढत होतात.”

बसमध्ये बसायला जागा होती, तरी ओक्सन उभीच राहिली.  कोने खरं सांगितलं होतं. हाक्चोलनेही खरंच सांगितलं होतं. आणि दोन खऱ्या माणसांच्या मध्ये ते पोर चिरडलं होतं. कोच्या बायकोची खाली गेलेली मान तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिला लाज वाटली. मग दुसरी धास्ती वाटायला लागली. हे हाक्चोलला कसं सांगायचं? तो आधीच अर्धा झाला होता. तुआनच्या आईचं रडणं ऐकल्यापासून त्याच्या घशाखाली भात उतरत नव्हता. मी बरोबर होतो, या एका गोष्टीवर तो तग धरून होता.

घरी तो झोपला होता. सांगण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं, असं तिने ठरवलं. किमचीचं लोणचं घालायचे दिवस होते, गॅलरीत जाडजूड मुळ्यांची रास पडली होती. दर शनिवारी वर्गाला जाण्याआधी हाक्चोल तिला अशाच मुळ्यांवर शिकवायचा. मुळ्याचा ठोकळा करायचा, चारी बाजूंनी बघायचा आणि काढायचा. कान पुढे असलेला त्याच्या हातचा मुळ्याचा ब्रॅकेट खिडकीत वाळत पडला होता. कडा जरा सुकल्या होत्या, एवढंच.

तिने सुरी घेतली आणि सरांनी सांगितलं तसा, कान मागे ठेवून ठोकळा कापला. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. कसेही फिरवले तरी एकाचा दुसरा होत नव्हता, रबरी चपलेचा डावा-उजवा पाय असावा तसे.

साली टाकायला ती सोयाबीनच्या मडक्यामागचा डबा ओढायला गेली, तर हाताला काहीतरी चिवट लागलं. तिने ते उजेडात धरलं. मुळ्याचाच ठोकळा होता, आक्रसून तपकिरी झालेला. पण कडा नेमक्या होत्या, नवऱ्याची सुरी तिला ओळखू येत होती. कान मागे होता.

तो खिडकीतल्या ठोकळ्यापेक्षा कितीतरी जुना होता. म्हणजे तिला शिकवायला बसण्याच्या आधीचा.

ओक्सन गॅलरीत तशीच खाली बसली. तिला राग आला, इतका की हातातली सुरी तिने लांब सरकवून ठेवली.

“सापडला?” दारातून हाक्चोलने विचारलं. तो कधी उठला तिला कळलं नव्हतं.

“केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?”

“पोलिसांना जबाब दिला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. नुसता करून बघितला. तोही त्या आकृतीत बसला.”

“आणि मला उलटं शिकवलंत? वर्गाला जा म्हणालात? बाहेर माझं हसं होत होतं!”

“मला येतं ते शिकवलं.” त्याने चौकट धरली. “वर्गात कुणीतरी तुला खरं सांगेल असं वाटलं होतं. माझ्या तोंडातून निघत नव्हतं, ओक्सन. कितीदा तरी तुझ्यासमोर येऊन बसलो.”

“मी त्या बाईला काय काय बोलले, माहीत आहे ना?”

“मी तिथेच होतो.”

“तरी गप्प राहिलात.”

 तिने साली गोळा केल्या, आपण कापलेला नवा ठोकळा सूपमध्ये चिरून टाकला आणि दोघं जेवली. रविवारी ती कामावर गेली नाही. त्याचा पांढरा शर्ट धुतला, त्याला इस्त्री केली. सोमवारी काय बोलणार, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी तो शर्ट घालून दाराशी आला. त्याच्या बुटांवर रुमालात बांधलेला डबा ठेवला होता. तो उचलल्याशिवाय बूट घालता येत नव्हते.

त्याने उचलला. आत काहीतरी गडगडलं.

“यात भात नाही,” तो म्हणाला.

“नाही. तुमचे दोन्ही आहेत. तो जुना आणि खिडकीतला.”

हाक्चोल पायरीवर बसला. डबा मांडीवर ठेवून बराच वेळ बुटांच्या नाड्यांशी झटत राहिला. ओक्सनने दार उघडून धरलं.

“संध्याकाळी कोच्या बायकोकडे जायचंय,” ती म्हणाली.

“संध्याकाळी मी घरी असेन की नाही, सांगता येत नाही.”

“मग मी एकटी जाईन.”

त्याने मान हलवली, डबा काखेत धरला आणि जिना उतरायला लागला. आतले ठोकळे एकमेकांवर आपटत होते. तो आवाज तळमजल्यापर्यंत तिला ऐकू येत राहिला.