निकाराग्वाचे रविवार

लोकरीची एवढीशी जर्सी, जांभळी, छातीवर तिरका पांढरा पट्टा… नव्या बाईच्या बॅगेच्या चेनला ती लोंबत होती, आणि किटली उकळेपर्यंत कस्तुरी तिच्याकडे नुसती बघत राहिली. जांभळा रंग विटला होता, पट्ट्याचा एक टाका सुटला होता. खऱ्या जर्सीवर हा पट्टा डाव्या खांद्यावरून उतरायचा की उजव्या? हे आपण विसरलो याचं तिला नवल वाटलं, आणि मग त्याहून मोठं नवल हे, की विसरण्याआधी हे आपल्याला ठाऊक होतं – केंब्रिजच्या या संस्थेत, जिथे ती आठवड्यातून दोनदा हॅरोहून आकडेवारी तपासायला यायची, तिथल्या किचनमध्ये उभ्या असलेल्या एकाही माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ही नवी बाई सोडून.

‘यांचा गोलकीपर डाव्या पायाने किक मारायचा ना?’ तिच्या तोंडून निघून गेलं.

नव्या बाईने, एल्बाने, हातातला कप खाली ठेवला. ती नुकतीच इथल्या लॅबमध्ये रुजू झाली होती. ती कुठली, हे अजून कुणी धड विचारलंही नव्हतं. निकाराग्वा म्हटलं की लोक आफ्रिकेचं काहीतरी बोलतात, आणि देश तर मध्य अमेरिकेत, असं ती हसत म्हणाली, आणि तू थेट आमच्या गावच्या गोलकीपरच्या पायापर्यंत कशी पोचलीस, असं तिने विचारलं. कस्तुरीने सांगितलं, लॉकडाउनमध्ये तुमची फुटबॉल लीग बघायचो आम्ही. ‘वी’ म्हणाली ती. इंग्रजीत किती छोटा असतो तो शब्द, ओठ नीट उघडायच्या आत बोलूनसुद्धा होतो.

आम्ही… म्हणजे ती आणि यतीन. आणि ते दोघं तेव्हा ‘आम्ही’ नव्हतेच खरं तर. त्या फेब्रुवारीतच वेगळं व्हायचं ठरलं होतं. भांडण असं झालं नव्हतं – भांडायला जेवढा उत्साह लागतो तेवढाही दोघांत उरला नव्हता. नागपूरला आईला तिने सांगून टाकलं होतं, पुण्याला त्याच्या आईवडिलांना तो सांगणार होता, आणि रीडिंगमध्ये ऑफिसजवळ त्याने एक खोलीही बघून ठेवली होती. सामानाचे खोके हॉलमध्ये रचलेले होते. आणि मग सगळ्यांची दारंच बंद झाली. हॅरोच्या त्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती आत झोपायची, तो सोफ्यावर. स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आले की दोघंही हॉटेलात भेटलेल्या परक्या माणसांसारखे ‘सॉरी’ म्हणायचे आणि दोघंही मागे सरायचे, त्यामुळे आत कुणीच जायचं नाही.

अशाच एका रविवारी संध्याकाळी आतल्या खोलीत तिला चेंडूचा आवाज आला. नुसता चेंडूचा. प्रेक्षक नाहीत, गाणी नाहीत, फक्त धप्प, मग कुणाची तरी हाक, मग लांबवर भुंकणारा कुत्रा. यतीन लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता आणि तिला बघून चोरी पकडल्यासारखा चेहरा करून म्हणाला, निकाराग्वा. इंग्लंडचं बंद, इटली-स्पेन बंद, जगात जवळजवळ एवढंच चालू आहे. ती चहाचा मग घेऊन दारातच टेकून उभी राहिली. पुढच्या रविवारी सोफ्याच्या हातावर बसली. त्याच्या पुढच्या रविवारी… तिथे लख्ख दुपार असायची, मैदानामागे हिरवा डोंगर, आणि इथे खिडकीबाहेर हॉस्पिटलकडे जाणारी एखादी अँब्युलन्स. जांभळे हरत होते म्हणून तिने जांभळे निवडले. यतीन मुद्दाम दुसरा संघ घेईल असं तिला वाटलं होतं. जन्मभर तो असंच करत आला होता. पण तो म्हणाला, मग मीही जांभळाच, आणि सोफ्यावरची आपली उशी उचलून त्याने तिला जागा करून दिली.

गोलच्या मागे एक म्हातारा असायचा. चेंडू झुडपात गेला की कमरेवर पालथा हात ठेवून तो सावकाश जायचा, चेंडू ओल्या फडक्याने पुसायचा, पुन्हा पुसायचा, आणि मगच परत टाकायचा. खेळाडू ताटकळत उभे. ‘अरे, हे तर आमचे गिरीशकाका,’ यतीन म्हणाला होता, आणि साताऱ्याच्या त्याच्या काकांची चाल खरंच तशीच होती. झालं, तेव्हापासून ते गिरीशकाका. काका आज दमले. काकांनी आज हॅट बदलली. कॅमेरा त्यांच्याकडे वळला नाही तर दोघं बेचैन व्हायचे, दिसले की टाळ्या वाजवायचे. एकदा काका घरातल्या रबरी चपला घालूनच आले होते; झुडपात त्यातली एक अडकली, आणि ते एका पायावर लंगडी घालत, चेंडू छातीशी धरून चपलेपाशी परत गेले, तेव्हा कस्तुरी इतकी हसली, इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने डोकं यतीनच्या खांद्यावर टेकलं. ते मग उचलायचं राहूनच गेलं. सामना संपेपर्यंत दोघंही हलले नाहीत. एवढ्या वर्षांत त्या लग्नातलं पुष्कळसं तिने टाकून दिलं होतं, पण ती संध्याकाळ नाही. ती तिने घडी घालून ठेवली होती.

‘गोलमागे एक म्हातारा असायचा,’ ती आता एल्बाला सांगत होती. ‘चेंडू पुसणारा. कसे आहेत ते?’

एल्बाचा चेहरा आधी उजळला. ‘डॉन चेपे. तू डॉन चेपेला पाहिलंयस?’ आणि मग तिने कपाचा कान बोटाने फिरवला. ते त्याच वर्षी मेमध्ये गेले, म्हणाली. तिचं गाव लहान, सगळे त्यांना ओळखायचे, आदराने ‘डॉन’ म्हणायचे, संघाचे कपडे धुण्यापासून रेषा आखण्यापर्यंत सगळं तेच करत. बाकीचं जग घरात बसलं होतं आणि आमच्याकडे, सरकार म्हणायचं, साथच नव्हती. सगळी पोरं घाबरलेली, बाकावर मास्क लावून बसायची, पण बोलणार कुणाजवळ? डॉन चेपेंना वाटायचं, आपण चेंडू नीट पुसला तर पोरांना काही होणार नाही. त्यांच्या मुलीने त्यांचे बूटसुद्धा लपवून ठेवले होते, ते मैदानावर जाऊ नयेत म्हणून.

‘तर म्हातारा घरातल्या चपलांवर निघून गेला,’ एल्बा म्हणाली. ‘पुरलं ते घाईघाईने. मुलीलाही तोंड बघू दिलं नाही.’

कस्तुरी ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणाली. आणखीही काही म्हणाली असेल. मग मीटिंग आहे असं सांगून ती जागेवर येऊन बसली – मीटिंग नव्हती. समोर कुणाकुणाच्या रक्तदाबाचे आकडे होते, त्यांच्याकडे ती दुपारभर बघत राहिली, आणि आकड्यांमधून तो माणूस लंगडी घालत जात राहिला. छातीशी धरलेला चेंडू. तो आपण गंमत म्हणून बघितला… शेवटच्या काही सामन्यांत काका दिसले नाहीत तेव्हा यतीन म्हणाला होता, सुट्टीवर गेले असतील. ती म्हणाली होती, मुलीकडे गेले असतील, आणि मग दोघांनी मिळून त्या मुलीला समुद्रकाठी एक घर दिलं होतं, अंगणात झोपाळा दिला होता.

आणि तो शेवटचा रविवार. जांभळे बाहेर पडले होते, अंतिम सामन्यात दुसरेच कुणी होते, तरी त्यांनी तो बघितला. यतीनने लॅपटॉप मिटला, पण हात त्याच्यावरच ठेवला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘आता काय?’

किती साधे दोन शब्द. ते सामन्यांबद्दल नव्हते हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पण त्याने नीट विचारावं, असं तिला वाटलं. कधीतरी एकदा यतीनने पूर्ण वाक्य बोलावं. म्हणून ती उठली, चहाचे मग उचलले आणि म्हणाली, ‘रीडिंगला फोन करून विचार, खोली अजून आहे का ती.’ तो हो म्हणाला. खोली होती. आज त्याला तिथेच घर आहे, बायको आहे, लहान मुलगी आहे.

संध्याकाळी केंब्रिजहून परतताना किंग्ज क्रॉसला उतरल्यावर घरच्या मेट्रोपॉलिटन लाइनकडे जाण्याऐवजी ती खांबाला टेकून उभी राहिली आणि तिने यतीनला फोन लावला. कितीतरी दिवसांत लावला नव्हता. त्याने लगेच उचलला.

‘कस्तुरी? सगळं ठीक ना?’

‘ठीक आहे रे. गिरीशकाका गेले.’

‘काय? अगं, सकाळीच तर बाबा त्यांच्याशी…’

‘ते नाही. आपले. गोलमागचे.’

‘कधी?’ यतीनने विचारलं – घरचं माणूस गेल्यावर विचारतात तसं.

तिने सांगितलं. मे महिन्याचं, समुद्रकाठच्या घरात नसलेल्या मुलीचं, लपवलेल्या बुटांचं. शेवटी चपलांचं. मग तो म्हणाला, ‘त्या दिवशी आपण…’ आणि तिथेच थांबला. पूर्वीसारखाच. मागून एक बारीक आवाज ‘बाबा, लुक!’ म्हणाला. नंतर फोन करू का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, आधी तिच्याकडे बघ, आणि फोन ठेवला.

गाडी जमिनीखालून वर आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. मागच्या अंगणांची रांग, वाळत घातलेल्या चादरी, कुणीतरी उलटी करून ठेवलेली ट्रॅम्पोलीन. त्याला विचारायला हवं होतं का, त्या दोन शब्दांनी तुला काय म्हणायचं होतं म्हणून? एवढी वर्षं हाच एक प्रश्न तिने जपला होता, आणि आता तो हातात घेऊन पाहिला तर हलका लागला, आतून पोकळ. तिची ती संध्याकाळ तिची एकटीची कधी नव्हतीच. त्या संध्याकाळच्या मागे एक बाई, त्या म्हाताऱ्याची मुलगी, घरात बूट हातात धरून बसली होती… मला ती दिसणार तरी कशी होती? कॅमेरा तिकडे नव्हता. पण आज कॅमेरा कुठे होता? समोर एल्बा उभी होती. तिच्याच गावाची गोष्ट सांगत होती, आणि आपण आपलं माणूस गेल्यासारखा चेहरा केला, तिच्या हातून दुःख काढून घेतलं आणि निघून आलो. तिने उलट आपल्याच खांद्यावर हात ठेवला होता, हे आता कुठे आठवत होतं.

त्या गावात तेव्हा एल्बाचं कोण कोण होतं? आई असेल. भाऊ असेल, मैदानावर सुद्धा असेल. किती जण उरले? कस्तुरीने काहीही विचारलं नव्हतं.

नॉर्थविक पार्क गेलं, पुढचं स्टेशन हॅरो. दारापाशी लोक उठून उभे राहू लागले. परवा केंब्रिजला जायचं होतं, आणि तिथे एल्बाला कसं विचारावं, कुठल्या शब्दाने सुरुवात करावी, हे ती मनातल्या मनात जुळवून बघत होती – मराठीत, मग इंग्रजीत – आणि दर वेळी वाक्य अर्ध्यावर येऊन थांबत होतं.