शेवटून पहिला

आमच्या शाळेच्या संस्थापकांना पळता येत नसावं, असा आम्हा मुलांचा पक्का संशय होता. जेवणघरातल्या फोटोत ते खुर्चीत बसलेले होते आणि खुर्चीसुद्धा दमलेली दिसायची. नाहीतर हिवाळी शर्यतीला तसला नियम कोणता शहाणा माणूस लावेल?

वसतिगृहात दोन घरं होती, वरचं आणि खालचं. प्रत्येकात चाळीस मुलं. हिवाळा लागला की एका रविवारी सकाळी सगळ्या ऐंशी जणांनी फाटकापासून पुलापर्यंत आणि परत पळायचं. पहिल्या आलेल्याला टाळ्या मिळायच्या, बाकी काही नाही. ज्या घराचा शेवटचा मुलगा आधी परत येईल, ते घर जिंकलं. बक्षीस होतं गरम पाणी. बॉयलर म्हातारा होता. त्यातून चाळीस बादल्या कढत पाणी निघायचं आणि मग तो जो संपावर जायचा तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. जिंकलेलं घर सगळा हिवाळा आधी अंघोळ करायचं. हरलेलं घर सगळा हिवाळा शिंकायचं.

खालच्या घराचा कप्तान माझा सख्खा मोठा भाऊ होता. त्याचं शेवटचं वर्ष आणि माझं पहिलं. आई आम्हाला वसतिगृहात पोचवून घरी परत गेली त्या संध्याकाळीच त्याने मला जिन्याखाली नेऊन सांगितलं, "हे बघ, इथे मला दादा म्हणायचं नाही. कप्तान म्हणायचं. नाहीतर सगळे म्हणतील, भावाचे लाड करतो." घरी माझ्या ताटातलं पळवणारा आणि मला सायकलवर डबलसीट नेणारा हा मुलगा, पुढचे तीन महिने माझ्या शेजारून खांबाशेजारून जावं तसा जात होता. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचो. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही.

मग शर्यतीची तयारी सुरू झाली. पहिल्याच चाचणीत, कप्तानाचा उजवा हात असलेल्या चष्मेवाल्याने सगळे आले असं समजून स्टॉपवॉच बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि शेवटी मी आलो. चाळिसात चाळिसावा. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण संध्याकाळी माझ्या ताटात दुसरं अंडं आलं.

त्या दिवसापासून माझी जावयासारखी बडदास्त सुरू झाली. नववीतल्या एका दांडगटाने स्वतःचा लोकरीचा स्वेटर मला आणून दिला. कुणी माझं दप्तर उचलायचा, कुणी पोटऱ्यांना तेल चोळायचा. साधं शिंकलो तरी सहा जण धावत यायचे. घराचं गरम पाणी माझ्या दोन काटकुळ्या पायांवर अवलंबून होतं ना! शेवटून पहिला येण्यात एवढी इज्जत असते, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आणि रोज सकाळी सहाला खुद्द कप्तान मला पळवायला यायचा. धुक्यात आम्ही दोघंच. पुलापर्यंत तो पुढे उलटा पळत माझ्याकडे बघत राहायचा. परत येताना माझे गारठलेले हात स्वतःच्या खिशात घालायचा आणि घरच्या गोष्टी काढायचा. आईचं पत्र वाचून दाखवायचा. फाटक दिसलं की हात सोडायचा आणि पुन्हा कप्तान व्हायचा. दिवसभरात मला खरी ऊब मिळायची ती तेवढा अर्धा तास.

शर्यतीची आणखी एक रीत होती. जिंकलेल्या घराच्या शेवटच्या मुलाला कप्तान खांद्यावर बसवून जेवणघरात न्यायचा, सगळ्या शाळेसमोर. हरलेल्या घराच्या शेवटच्या मुलाला दुसऱ्या दिवशी थंड पाण्याची पहिली बादली कप्तानाच्या हातून डोक्यावर घ्यावी लागायची. मला खांदे हवे होते. दादाच्या खांद्यांवरून जेवणघर कसं दिसतं, हे मी रोज झोपताना बघत होतो.

शर्यतीला दहा दिवस उरले आणि पहिल्या चाचणीनंतर तापाने पडलेला आमच्याच घरातला पोस्टमन उठला. इकडचं तिकडे सांगत फिरायचा म्हणून त्याचं नाव पोस्टमन. दुसऱ्या चाचणीत तो माझ्या वीस पावलं मागे आला. मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढे होतो. आनंदाने उडी मारली आणि खाली येईपर्यंत माझं अंडं गेलं होतं.

खरंच गेलं. त्या संध्याकाळी ते पोस्टमनच्या ताटात होतं. स्वेटरही त्याच्या अंगावर. कप्तान यादीत डोकं घालून म्हणाला, "उद्यापासून पोस्टमनला पळवायला हवं." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मी रात्रभर विचार केला आणि माझ्या अकरा वर्षांच्या अकलेला झेपेल तेवढा निर्णय घेतला. सकाळी सगळ्या घराच्या सरावाला निघायच्या आधीच मी लंगडायला लागलो. सगळ्यांसमोर पुलाकडून येताना मी पोस्टमनच्या तीस पावलं मागे राहिलो. दादा काळजीने माझ्याबरोबर चालत आला. संध्याकाळी अंडं परत.

पण पोस्टमननेही एक दिवस भाव खाल्ला होता, आणि तो काही सहजासहजी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला अचानक अशक्तपणा आला. मग दादा त्याला पळवायला जायच्या आत माझा गुडघा दुखला. मग त्याच्या पोटात कळ आली. चष्मेवाला स्टॉपवॉच कानाला लावून बघायला लागला. "कप्तान, हे दोघं रोज सराव करतात आणि रोज मागे पडतात. असं कसं?" दादाने कपाळाला हात लावला.

शर्यतीच्या दिवशी गवतावर दव गोठलं होतं. वरच्या घराचा शेवटचा मुलगा होता गादी. नाव ऐकून जेवढा कळतो तेवढा तो होताच. पुलावरून वळलो तेव्हा गादी आमच्या बराच मागे धापा टाकत होता, म्हणजे आम्ही जिंकल्यात जमा होतो. प्रश्न एवढाच होता, की खांद्यावर कोण बसणार.

फाटक शंभर पावलांवर आलं. मी वेग कमी केला. पोस्टमननेही केला.

"हो ना पुढे," मी म्हणालो.

"नको, तू हो. तुझा गुडघा दुखतोय ना?"

"तुला अशक्तपणा आहे. तू लवकर जाऊन बस."

फाटकातून अडतीस जण बोंबलत होते. काय म्हणतायत ते ऐकू येत नव्हतं आणि आम्हाला ऐकायचंही नव्हतं. पोस्टमन बुटाची नाडी बांधायला खाली बसला. मग मीही बसलो. त्याने दुसऱ्या बुटाची सोडून पुन्हा बांधली. माझ्या बुटांना नाड्या नव्हत्या, तरी मी बांधत राहिलो.

तेवढ्यात आमच्या बाजूने कुणीतरी भात्यासारखा श्वास सोडत गेलं. आम्ही मान वर केली. गादीची पाठ दिसली.

मग आम्ही दोघं जे पळालो, तसे आयुष्यात कधी पळालो नाही. गादी चार पावलांनी आत गेला. त्याच्यामागे पोस्टमन, पोस्टमनमागे मी. शेवटचा मीच आलो, याबद्दल आता कुणाला शंका उरली नव्हती.

गादीला त्याच्या कप्तानाने खांद्यावर घेतलं तेव्हा कप्तानाचे गुडघे वाकले, पण मिरवणूक जेवणघरापर्यंत गेली. आमच्या घरातलं कुणी माझ्याशी बोललं नाही. पोस्टमनने मात्र घरोघर सांगितलं, की तो तर केव्हाच आत जाणार होता, मीच अडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदापाशी मी उघडा उभा राहिलो. दादाने बादली भरली आणि माझ्याजवळ आला. "हे असं का केलंस?" त्याने दात आवळून, मला एकट्याला ऐकू येईल असं विचारलं.

"तू पोस्टमनबरोबर जाणार होतास," मी म्हणालो. पाणी पडायच्या आधीच मी थरथरत होतो. "मी पुढे गेलो असतो तर तू सकाळी आला नसतास, आणि काल खांद्यावरही त्यालाच घेतलं असतंस."

त्याने वर उचललेली बादली खाली घेतली.

"पोस्टमनला चष्मेवाला पळवणार होता," तो म्हणाला. "मागे पडणाऱ्यांना पळवायचं काम त्याचंच असतं. तुलाही त्यानेच पळवायचं होतं. मी ते त्याच्याकडून मागून घेतलं होतं, गाढवा. तू पहिला आला असतास तरी मी येणारच होतो."

"मग सांगितलं का नाहीस, दादा?"

शाळेत मी त्याला पहिल्यांदाच दादा म्हणालो होतो, तेही मोठ्याने. त्याने इकडेतिकडे बघितलं नाही. म्हणाला, "तू विचारलंस का नाहीस?" आणि बादली ओतली.

मागे अडतीस मुलं टॉवेल गुंडाळून, दात वाजवत आपापल्या नंबराची वाट बघत होती. त्यांना आता तीन महिने तेच पाणी मिळणार होतं, आणि कारण एवढंच, की मी माझ्या सख्ख्या भावाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.