एकशे चार रविवार

"टेप वर ओढ की आता. पाण्याशी गप्पा मारतेस काय?" विहिरीच्या काठाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले पप्पा म्हणाले.

मेजर जास्मिन भिंगारदिवेने टेपचा ओला भाग पुन्हा बोटाने चाचपला. काठापासून आठ मीटर पंच्याण्णव. काल संध्याकाळी पाचला तिनेच मोजलं तेव्हा पाणी नऊ मीटर चाळीसवर होतं. एका दिवसात ते हातभर वर आलं होतं.

"पप्पा, आज मोटारी बंद होत्या ना?"

"रविवारी शेतीची लाईटच नसते. दोन वर्षं झाली. तुला कळवलं होतं की."

कळवलं होतं. तिची पीएचडी त्या रविवारांवरच उभी होती. सिक्कीमच्या तळावर ड्युटी संपवून, बधिर बोटांनी, ती नेवाशाजवळच्या या विहिरीचे आकडे मांडत आली होती. दिवसभर उपसा थांबूनही पाणी चढत नाही, म्हणजे खालच्या खडकात झराच उरलेला नाही, हा तिचा शोध. सात वर्षं, चार बदल्या, दोन मुदतवाढी. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. त्यापुढे मुदत नव्हती.

तिने पप्पांची रोजच्या मोजणीची वही उघडली. शनिवार ९.४२, रविवार ९.४१, सोमवार ९.४०. मागचं पान: ९.१०, ९.१३, ९.१६. प्रत्येक रविवार बरोबर मध्यावर. याच सरळ रेषेला तिने शोध मानलं होतं.

"रविवारी कोण मोजायचं, पप्पा?"

"रविवारी?" ते हसले. "प्रभूच्या दिवशी टेप हातात धरला असता, तर आमच्या आजोबांनी कबरीतून उठून छडी मारली असती. शनिवार-सोमवारची सरासरी टाकायचो. गणिताचा मास्तर आहे मी, चुकायचो नाही. आज तू मोजतेस म्हणून गप्प बसलो. मिलिटरीवाल्यांना कुठला शब्बाथ!"

रविवार का हवा, हे तिनेच त्यांना सांगितलं नव्हतं. उत्तर आधी कळलं की मोजणाऱ्याचा डोळा तिकडे झुकतो, असं ती शिकली होती.

आई चहा घेऊन आली. "यांना लवकर आत आन, जास्मिन. उद्या डायलिसिसला सहाला गाडी येती. आन् तुज्या पदवीच्या कार्यक्रमाला कोट शिवलाय, तो बघ जरा. महिन्यात यांना लई ढगळा झालाय."

"काही चुकलं का गं?" पप्पांनी विचारलं.

"नाही. सरासरी बरोबर आहे."

बांधावर रेंज होती. तिने मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेजर, कुणाला कळणार आहे?"

"विहिरीत पाणी आहे, मॅडम. मी प्रबंध मागे घेते."

ती परत आली तेव्हा पप्पा पेन उघडून बसले होते. "आजचा आकडा सांग."

"राहू द्या, पप्पा."

"सांग."

"आठ पंच्याण्णव."

त्यांनी कालच्या नऊ चाळीसखाली तो लिहिला. पेन थांबलं. त्यांनी पान मागे उलटलं, मग आणखी एक, मग पुष्कळ. चहावर साय धरली.

"टेप सोड परत," ते म्हणाले.

"पप्पा, रविवार आहे."

ते खुर्चीचा हात धरून उठले. सुयांनी गाठी आलेला डावा हात पुढे करून त्यांनी तिच्या हातातला टेप घेतला, काठाशी वाकले आणि स्वतः आत सोडला.