नाल्याकडचा बंपर

आश्विनातलं कोवळं ऊन घाटंजीहून केळापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरलं, की एका वळणावर ते एकदम डोळ्यांत शिरतं. पऱ्हाटीवर कापसाची पहिली बोंडं नुकती उमललेली असतात, तुरीचा हिरवा पट्टा वाऱ्यावर झुलत असतो आणि त्या हिरवाईच्या कडेने काहीतरी रुपेरी, लखलखीत हलत राहतं. मग वाऱ्याची झुळूक येते आणि ‘ठण्’ असा भरीव, गोल नाद शेतातून निघून रस्ता ओलांडतो. नवख्या माणसाला वाटतं, जवळपास देऊळ असावं. देऊळबिऊळ काही नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, रोवलेल्या खांबांना जुन्या मोटारींचे बंपर टांगलेले आहेत, प्रत्येकाशेजारी तारेला लोंबणारा एक जाड बोल्ट आहे आणि बोल्टाला वारा पकडायला पत्र्याचा तुकडा. दिवसा चकाकीने रोही, म्हणजे नीलगाई, बिचकतात, रात्री आवाजाने रानडुकरं. शेत गुलाबरावकाकांचं, म्हणजे खरं तर शेवंताकाकूंचं. काकांचे त्यात फक्त बंपर.

घाटंजीच्या बाजाराच्या टोकाला, कडुनिंबाखाली, काकांचं दुकान होतं. टिनाचं छप्पर, वाळूने भरलेली पोती आणि लाकडी हातोडे, एवढाच संसार. मोटारीचे पोचे काढणारे गल्लोगल्ली मिळतात. पण जुन्या गाडीचा लोखंडी बंपर, त्याच्यावरचा चांदीसारखा मुलामा न उडवता सरळ करणारा माणूस आमच्या भागात हा एकच. हौसेने जुन्या गाड्या पाळणारे लोक पार नागपूरहून त्यांच्याकडे यायचे. काका बंपर वाळूच्या पोत्यावर निजवत, स्वतः जमिनीवर पालथे पडत, गाल लोखंडाला टेकवून एक डोळा मिटत आणि त्या लांबट चकाकीतून कडुनिंबाच्या फांद्या कुठे मोडतात ते बघत. जिथे फांदी मोडली तिथे हातोडा. प्रतिबिंबातलं झाड सलग झालं, की उठून बोटाच्या पेराने एक टिचकी मारायची, कान द्यायचा आणि मिशीला पीळ भरायचा. त्यांच्या मते बंपर म्हणजे गाडीची मिशी. ती पडली की गाडी कितीही धावो, तिला रुबाब नाही. त्यांची स्वतःची मिशी पिकली होती, पण पीळ भरणाऱ्या बोटांना तेल-काजळी लागलेली असल्यामुळे तिचं उजवं टोक कायम काळंभोर असायचं. एका बाजूने म्हातारा आणि दुसऱ्या बाजूने तरुण दिसणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बाबा माझे शाळामास्तर, आणि काकांचे जिवलग. दोघांमध्ये बोलणं फारसं नसे. बाबा वाळूच्या पोत्यावर बसून वर्तमानपत्र वाचत, काका ठोकत; ठोके थांबले की बाबा पान उलटत. हा त्यांचा संवाद वर्षानुवर्षं चालला आणि त्यात दोघांनाही कधी काही कमी पडलं नाही. आमच्या पांढऱ्या अँबेसेडरला काका ‘मास्तरीणबाई’ म्हणत, कारण ती सावकाश चालायची आणि रस्त्यात कोणालाही सोडायची नाही. दरवर्षी दसऱ्याला तिची पूजा झाली, की बाबा आईला शेजारी बसवून केळापूरच्या जगदंबेला न्यायचे. ओटी, आपट्याची पानं आणि परतताना वाटेत चहा. आईच्या वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस.

त्या वर्षी नवरात्र बसायच्या आधीच एका संध्याकाळी गाडीला रानडुक्कर आडवं आलं. डुक्कर धडकलं, उठलं आणि काही झालंच नाही अशा थाटात पऱ्हाटीत निघून गेलं. बंपर मात्र कोपऱ्यावर फाटला. काकांनी तो पाहिला आणि मिशीला हातही लावला नाही. फाटलेलं लोखंड जोडायला वेल्डिंग हवं, वेल्डिंगने मुलामा जळून काळा पडणार, आणि नवा मुलामा चढवून नागपूरहून यायला महिना तरी लागणार. दसरा तर तोंडावर आलेला. बाबा एवढंच म्हणाले, “राहू दे, गुलाब.” पण घरी येऊन त्यांनी मला जे सांगितलं, ते आईला ठाऊक नव्हतं: नजर मंदावत चालली होती आणि या दसऱ्यानंतर गाडीची किल्ली ते स्वतःहून ठेवून देणार होते. आईला शेजारी बसवून न्यायची ही शेवटची खेप होती, आणि ती त्यांना फाटक्या तोंडाच्या गाडीतून न्यायची नव्हती. माझ्या बाबांना मी त्याआधी कधी हट्ट करताना पाहिलं नव्हतं. मला त्यांची फार माया आली.

अगदी तस्साच, न फाटलेला, एक बंपर काकांना माहीत होता. तो टांगला होता काकूंच्या शेतात, नाल्याकडच्या कोपऱ्यावर.

आम्ही तिघं शेतावर गेलो तेव्हा काकू सोयाबीन सोंगत होत्या. उंच, शेलाट्या, कपाळावर घाम आणि हातात विळा. त्यांच्याशी वाद घालायचा तर आधी चहा पिऊन घ्यावा, असं काका म्हणत, ते खोटं नव्हतं.

“मास्तर, तुमाले नाई म्हनतानी मलेच कसंतरी होते,” त्या म्हणाल्या. “पन डुकरं त्याच कोपऱ्यातून येतात. डुकराले काय दसरा अन् काय दिवाई.”

“अवं, एकच त् मांगून राह्यलो,” काका पुटपुटले.

“डुकराले बी एकच कोपरा लागते.”

बाबा खाली बघत वहाणेने ढेकूळ फोडत राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग विळा कमरेला खोचला. “असाच बोलनारा दुसरा टांगून द्या, मंग हा घेऊन जा,” त्या म्हणाल्या. काकांचा चेहरा असा उजळला, की तो खांबावरच्या बंपरातही दिसला असता. आमचा फाटलेला बंपर जोडूनही गाडीला चालला नसता. पण जळका डाग बघून नाक मुरडायला डुकरं थोडीच वऱ्हाडी म्हणून येतात?

मग जे झालं त्याला मी आजही हसते. नागपूरकरांच्या गाड्यांना केली नसेल एवढी मेहनत काकांनी डुकरांसाठी केली. कोपरा जोडला, बाक काढला, कडुनिंब सलग झाला. बंपर शेतात नेला, काकूंनी विळ्याच्या मुठीने ठोका दिला, डोकं एका बाजूला कलवलं आणि निर्णय दिला, “हा बोलत नाई, खोकलून राह्यला.” काका गुपचूप परत. जोडातली चीर पुन्हा भरली, पुन्हा नेला. “आता शिंकून राह्यला.” इतक्या वर्षांत काकांच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं, आणि आता घरचीच बाई डुकरांच्या वतीने त्यांना नापास करत होती. बाबा पोत्यावर वर्तमानपत्र उघडून बसलेले, पण पान काही उलटत नव्हते. शेवटी त्यांनीच बंपर उलटा करून मागची पट्टी हलवून बघितली. ती ढिली होती. दोन मास्तरकी चिमट्यांनी वर्ग गप्प बसावा, तशी पट्टी आवळताच बंपरची खरखर थांबली. तिसऱ्यांदा बंपर शेतात गेला, काकूंनी ठोका दिला. ठण्.

नाद तुरीवरून सरकत नाल्यापलीकडे गेला आणि बगळ्यांची रांग उठली. काकूंनी मान हलवली. “ज्यानं मोडला, त्यालेच भेव दाखवन आता हा,” त्या म्हणाल्या आणि सोयाबीनकडे वळल्या. काकांनी मिशीला असा पीळ भरला, की डावं टोकही काळं झालं.

दसऱ्याला मास्तरीणबाईंच्या नव्या मिशीवर झेंडूचा हार चढला. बाबा काचेजवळ नाक नेऊन, अगदी बैलगाडीच्या चालीने गाडी चालवत होते. आई शेजारी हिरवं लुगडं नेसून बसली होती, आणि मागे मी. त्या वळणावर बाबांनी गाडी आणखी हळू केली आणि हॉर्न वाजवला. क्षणभर काहीच नाही. मग नाल्याकडच्या कोपऱ्यावरून उत्तर आलं. वारा नव्हता, तिथे काका उभे होते, हातात हातोडा घेऊन. आई हसता हसता रडली. बाबांनी पुन्हा हॉर्न दिला, काकांनी पुन्हा ठोका दिला, आणि हा खेळ दोन म्हाताऱ्यांनी गाडी वळणाआड जाईपर्यंत चालवला. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब संभाषण असावं.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. यंदा दसऱ्याला मी आईला माझ्या गाडीने केळापूरला घेऊन निघाले. वळण आलं, ऊन डोळ्यांत शिरलं, पण हॉर्नकडे गेलेला हात मी मागे घेतला. तो हॉर्न वाजवायचा हक्क माझा नव्हता. तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकने कर्कश भोंगा दिला. आणि शेतातून उत्तर आलं, ठण्.

मी गाडी थांबवली. काका कोपऱ्यावर उभे होते, वाकलेले. दुकान बंद झाल्यामुळे मिशी दोन्हीकडून पांढरी. ते धुऱ्याधुऱ्याने रस्त्यावर आले, आईला नमस्कार केला, माझ्या गाडीच्या प्लॅस्टिकच्या बंपरवर पेराने टिचकी मारली आणि खो खो हसले. “टोपलं हाये हे, पोरी.” आईही हसली. मागून काकू आल्या आणि तक्रारीच्या सुरात सांगू लागल्या, की कोणाचाही हॉर्न वाजो, ट्रक असो की एसटी, हे उठतात आणि ठोका देऊन येतात.

“मास्तर गेले, हे का ह्यायले मालूम नाई? खांदा देल्ला ह्यायनं. तरी उठतात.”

काका खांबाकडे बघत होते. बाबांच्या बंपरवरचा जळका डाग उन्हात काळा दिसत होता आणि त्याच्याभोवतीच्या चकाकीत आम्ही सगळे इवलेसे उभे होतो.

“उठलो नाई, अन् मास्तरच असले तं?” ते म्हणाले.

निघताना मी हॉर्न वाजवला. बराच वेळ, वळण संपेपर्यंत. मागून येणारा तो गोल नाद ऐकताना मला वाटलं, काळ माणसाला घेऊन जातो, पण त्या माणसाला द्यायचं उत्तर मागे राहणाऱ्याच्या हातातून काढून घेणं काळालाही जमत नाही.