दोघांपुरती कमान

इंग्लंडमधल्या लेम्स्टरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या ह्यू प्रॉसरने एक स्पोर्ट्स कार स्वतःच्या हातांनी बांधली होती, आणि ही गोष्ट ठाऊक नाही असा माणूस त्या गावात उरला नव्हता. कारखान्यातून सांगाडा, इंजिन आणि सुट्या भागांची खोकी यायची आणि गाडी आपण घरी जोडायची. थोड्याच शनिवार-रविवारांत गाडी तयार होते, असं माहितीपत्रकात छापलं होतं. ह्यूला चार वर्षं लागली. पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा स्टिअरिंग डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे जात होती. हे तो स्वतःच पबमध्ये रंगवून सांगायचा. आपली फजिती दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं, एवढं शहाणपण त्याला वर्गात उभं राहून राहून आलं होतं.

गाडी हिरवी, ठेंगणी, छप्पर नाही, दारं नाहीत. ड्रायव्हरच्या पाठीमागे तेवढी एक लोखंडी कमान होती. तिला रोल बार म्हणतात. गाडी उलटलीच तर डोकं जमिनीला लागू नये म्हणून ती असते. शेजारच्या सीटवर इतकी वर्षं त्याची बायको मेरियन बसत आली होती, डोक्याला रुमाल बांधून आणि मांडीवर चहाचा थर्मास धरून.

त्या वर्षी वसंतात ह्यूच्या डोक्यात शिरलं की आपण मोटर क्लबच्या चढाईच्या शर्यतीत उतरायचं. एका शेतातून टेकडीवर जाणारा अरुंद वळणावळणाचा रस्ता, एका वेळी एक गाडी, जो लवकर वर पोहोचेल तो पहिला. नाव नोंदवलं, हेल्मेट घेतलं, आणि शर्यतीच्या सकाळी तो तपासणीच्या रांगेत उभा राहिला. तपासणीला विनिफ्रेड टॅप बाई होत्या. दातांच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांची हयात गेली होती, त्यामुळे घाबरलेल्या माणसांना नीट बसायला लावणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. हातात झाडूचा दांडा होता. त्याचं एक टोक त्यांनी बारवर टेकवलं, दुसरं समोरच्या बॉनेटकडे नेलं, आणि दांडा मध्येच ह्यूच्या हेल्मेटवर अडला.

"मिस्टर प्रॉसर, नीट बसा."

"नीटच बसलोय."

"मग डोकं बारच्या वर कसं?"

"उंचीचं म्हणाल तर ते वडिलांकडून आलंय."

"तसं असेल. पण ही गाडी उलटली तर बारला काही होणार नाही. तुमचं डोकं त्याला वाचवेल."

मागच्या रांगेत हशा पिकला. ह्यूने सीटची गादी काढून मागे टाकली, पाय पुढे ताणले आणि जवळजवळ पाठीवरच पडला.

"आता?"

"आता दांडा बसतो," टॅप बाई वाकून म्हणाल्या. "पण गाडीत कुणी आहे असं वाटत नाही. तुम्हाला रस्ता दिसतो का?"

"आभाळ छान दिसतंय."

पुन्हा हशा. ह्यूही हसला, जरा जास्तच मोठ्याने. मग शर्यतीतून त्याचं नाव कटलं, आणि नारिंगी जाकीट देऊन त्याला गाड्या लावून घ्यायला पार्किंगच्या कुरणात उभं केलं. येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने विचारलं, "तू शर्यतीत होतास ना?" आणि ह्यूने प्रत्येकाला डोक्याचा किस्सा सांगितला. दुपारपर्यंत किस्सा इतका घोटीव झाला की त्याला स्वतःलाच त्याचा वीट आला.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याला फोन लावला. फोनवरचा माणूस मोठा अदबशीर होता.

"उंच बार आहे आमच्याकडे, सर. एकेरी देऊ की दुहेरी?"

"एकेरीच. उगाच वजन नको वाढायला."

मेरियन तिथेच गाजरं सोलत होती. "दुहेरी म्हणजे काय रे?"

"दोन्ही सीटच्या मागून जाणारा. रुंद."

"आणि आपला आत्ताचा?"

 इतकी वर्षं ह्यूने ती कमान पुसली होती, रंगवली होती, लोकांना दाखवली होती. ती कुणाच्या मागे आहे याचा विचार मात्र त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"माझ्यामागून जातो," तो म्हणाला.

"दुहेरी किती जड असतो?"

"पाचेक किलो जास्त."

मेरियनने गाजर फिरवून दुसऱ्या बाजूने सोलायला घेतलं. "नाताळात तुझं वाढलं ते किती होतं?"

फोनवरचा माणूस हलकेच खाकरला. "सर, दुहेरी लिहू का?"

"लिहा," ह्यू म्हणाला.

बार आला. काळा, जाडजूड, मागे दोन तिरके आधार. गॅरेजमध्ये त्याने तो गाडीवर उचलून ठेवला, आणि बारचा उजवा पाय बोल्टच्या भोकावर बरोबर बसला तेव्हा डावा बोटभर बाहेर राहिला. ह्यूने कारखान्याला फोन करून सुनावलं की तुमचा बार वाकडा आहे. त्या माणसाने अदबीने मापं घ्यायला सांगितली. ह्यूने घेतली, पुन्हा घेतली, आणि मग जमिनीवर बसून राहिला. बार सरळ होता. गाडीची सगळी मागची पाठ, तो ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याने स्वतःच वाकडी बसवली होती. आणि गाडी मागून जरा तिरकी दिसते असं कुणी म्हटलं की तो सांगायचा, हाताने बनवलेल्या वस्तूला असं व्यक्तिमत्त्व असतं.

"मग आता काय करायचं?" मेरियनने विचारलं. ती खालून पाना धरून होती.

"कानस मारून भोक थोडं लांबट करतो. बसेल."

"मजबूत राहील?"

"बऱ्यापैकी."

"ते लांबट भोक कुणाच्या बाजूला आहे?"

ह्यूने कानस खाली ठेवली. पुढचे कित्येक आठवडे त्याने एकेक रिव्हेट तोडून सगळा पत्रा उतरवला, सरळ केला, पुन्हा बसवला. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांना त्याच्या तोंडून बऱ्याच शिव्या ऐकू आल्या, आणि त्या सगळ्या त्याने स्वतःलाच दिल्या होत्या.

ऑक्टोबरातल्या शर्यतीला टॅप बाईंचा दांडा हेल्मेटवरून आरपार गेला. ह्यू टेकडी चढला आणि शेवटून दुसरा आला. शेवटच्या गाडीचा गिअरबॉक्स वाटेतच फुटला होता. पण ह्यूचे पाय जमिनीवर नव्हते. घरी परतताना बोडनम गावाजवळच्या अरुंद रस्त्यावर, दोन्हीकडे सायडर नावाच्या दारूसाठी लावलेल्या सफरचंदांच्या बागा, तो मेरियनला तिसरं वळण समजावून सांगत होता.

"गाडी अशी आत घेतली," तो म्हणाला, "आणि मग अशी सोडली." हे त्याने दोन्ही हातांनी दाखवलं.

वेग फार नव्हता. डावी चाकं रस्त्याच्या कडेवरून घसरली, गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी तिरकी राहिली आणि मग खालच्या बागेत पालथी झाली. काच फुटल्याचा आवाज आला. नंतर फक्त इंजिन. ह्यूने ते बंद केलं. दोघं पट्ट्यांना उलटे लटकत होते आणि खाली गवतात सफरचंदं पडलेली होती.

"मेरियन."

"आहे."

"लागलं का कुठे?"

"नाही. चहा सांडला. तुला?"

"मला वाटतं मी ठीक आहे. पट्टा सोडतो."

"थांब," ती म्हणाली. "आधी हात खाली टेक. नाहीतर इतकं करून डोक्यावर पडशील."

बागेचा मालक प्रीस ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधून त्याने गाडी सावकाश सुलटी केली. "वळणावर गाय होती की काय?" त्याने विचारलं.

"नाही," ह्यू म्हणाला. "मी भूगोल शिकवत होतो."

गाडी चाकांवर आली तेव्हा बारच्या डाव्या खांद्यावरचा काळा रंग खरवडून निघाला होता आणि तिथे गवतासकट मातीचं ढेकूळ रुतून बसलं होतं. सगळा भार तिथे आला होता. उजवीकडे साधा ओरखडाही नव्हता. ह्यू त्या ढेकळाकडे बघत राहिला. मेरियननेही पाहिलं. प्रीस दोर गुंडाळत होता, काहीतरी विनोद ऐकायला मिळेल म्हणून थांबला होता.

"बोल ना काहीतरी," मेरियन म्हणाली.

 ह्यूने तिचा हात धरला.  प्रीसने नजर वळवली आणि म्हणाला की माझी बायको घरात आहे, किटली ठेवायला सांगतो.

हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये होती. वसंतात काच बसवून झाली तेव्हा मेरियन काही न बोलता उजव्या सीटवर जाऊन बसली, सीट पुढे ओढली आणि आरसा आपल्या उंचीला लावला. ह्यू वळसा घालून डावीकडे शिरला. तिथे तो कधीच बसला नव्हता. गुडघा कशाला तरी अडत होता. गाव सोडल्यावर पावसाचा शिडकावा आला आणि काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या फटीतून पाण्याची बारीक धार थेट त्याच्या मानेवर सुरू झाली.

"इथून पाणी आत येतं," तो म्हणाला.

"येतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

ह्यूने कॉलर वर केली आणि ती फट कशी बुजवायची याचा विचार करू लागला. मेरियनने गिअर टाकला. बऱ्यापैकी सफाईने टाकला, त्याच्यापेक्षा तरी.