सहाव्या थांब्यावरची वहिनी

माझ्या थोरल्या बहिणीने शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर तिच्या खिडकीखालचा 'सहावा थांबा' बंद झाला नाही, तर ती घर सोडून लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. लेकीकडे जाणे म्हणजे तिच्या लेखी काय, हे मला ठाऊक होते: नातवंडांच्या खोलीतला पलंग, जावयाच्या वेळेप्रमाणे आंघोळ, आणि 'आई, तुम्ही बसा हो' हे दिवसातून चाळीस वेळा ऐकणे. या बाईने चौतीस वर्षे रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत उभ्याने काम केले आहे. 'बसा हो' तिला शिवीसारखे लागते.

थांब्याचा खुलासा करायला हवा. ताईचा धाकटा दीर प्रसिद्ध रॉक गायक होता. चाहते त्याला भोंगा म्हणत आणि तो भोंग्यासारखाच गात असे. ही निंदा नव्हे, भोंगा हे एक प्रामाणिक वाद्य आहे. उमेदीची चार वर्षे तो भावाच्या, म्हणजे माझ्या मेहुण्यांच्या घरी मागच्या खोलीत राहिला आणि तिथेच त्याने 'ओल' हा अल्बम रचला. त्यानंतर त्याने पुष्कळ काही केले, पण ऐकण्यासारखे काही केले नाही. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, दोन वर्षांपूर्वी मेहुणे गेले, आणि आता हरकत घ्यायला दोघांपैकी कोणी उरले नाही हे हेरून की काय, सहा महिन्यांपूर्वी 'भोंग्याची चार वर्षे' ही पायी सहल सुरू झाली. दिवसातून दोन फेऱ्या, सहा थांबे. सहाव्या थांब्यावर वीस-पंचवीस माणसे मान वर करून उभी राहतात आणि त्यांना सांगण्यात येते की 'ओल'मधली 'तू भिंतीतून बोलतेस' ही ओळ ज्या स्त्रीला उद्देशून आहे, ती गायकाची वहिनी होय.

"दूध आणायला खाली उतरले तर एक बाई दुसरीला विचारते, 'त्याच का गं?'" ताई म्हणाली. "त्याच! मी काय हरवलेली छत्री आहे, ओळख पटवायला?"

"मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहितो, ताई."

"तुझी पत्रं! तुझं पत्र संपेपर्यंत माझी तेरावी पिढी जन्माला येईल. त्याच्यावर एवढा दगड लिहिलास ना? मग जा, तिकीट काढ, आणि त्या पोरीला तोंडावर सांग."

'दगड' म्हणजे मी लिहिलेले भोंग्याचे चरित्र: पृष्ठे सहाशे बारा, पैकी एकशे चाळीस टिपांची. ताईने ते वाचलेले नाही. प्रयोगशाळेच्या वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला टेकू म्हणून तिने ते निवृत्तीपर्यंत वापरले, आणि हा त्या ग्रंथाचा आजवरचा सर्वांत सलग उपयोग आहे.

गुरुवारी सकाळी अकराला मी पहिल्या थांब्यावर हजर झालो. भोंग्याने जिथे गिटार घेतली त्या वाद्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. सहल चालवणारी मुलगी पंचविशीची, कमरेला ध्वनिक्षेपकाची डबी, पाठीवर सॅक, आणि आवाजात तो उत्साह जो वेतनाच्या प्रमाणात नसतो. "इथं त्याच्या बोटांना पहिल्यांदा तार लागली!" ती म्हणाली. तार त्याला दहाव्या वर्षी शाळेत लागली होती, टीप क्रमांक सतरा. पण माझे लक्ष्य सहावा थांबा होते, आणि दारूगोळा जपून वापरावा एवढे युद्धशास्त्र मला कळते.

दुसऱ्या थांब्यावर एका कॉफीच्या दुकानात 'त्याचे टेबल' होते. टेबलाच्या पायावर कारखान्याची गेल्या वर्षीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती आणि चामडी जाकीट घातलेला, पोट सुटलेला एक गृहस्थ त्या टेबलावर डोळे मिटून तळवा ठेवून उभा होता. मी त्याला चिठ्ठी दाखवली. "भावना बघा हो, काका," तो म्हणाला, "तारखा काय बघता?"

तिसऱ्या थांब्यावर, पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीसमोर, माझा संयम सुटला. मेहुणे तिथे अभियंता होते आणि त्यांच्याच शब्दावर धाकटा भाऊ कारकून म्हणून चिकटला होता.

"इथं आपला भोंगा रोज आठ तास सडत होता," मुलगी म्हणाली.

"सडत नव्हता," मी म्हणालो. "नागरिकांच्या तक्रारी उतरवून घेत होता. अक्षर उत्तम होतं."

"काका, प्रश्न शेवटी घेऊ."

"हा प्रश्न नाही. दुरुस्ती आहे."

"दुरुस्त्यापण शेवटीच," ती गोड आवाजात म्हणाली, आणि जाकीटवाला हसला.

चौथा थांबा तालमीचे गुदाम होता, पण ते बंद होते म्हणून आम्ही कुलूप पाहिले. पाचवा थांबा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. तिथे हल्ली दातांचा दवाखाना आहे. दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाच मिनिटे विश्रांती जाहीर झाली. मी मुलीला गाठले आणि तोंडी परीक्षेला उमेदवारांसाठी राखून ठेवलेल्या स्वरात विचारले, "सहाव्या थांब्यावर तुम्ही जे सांगता, त्याला आधार काय?"

"पुस्तक आहे ना."

"कुठलं?"

तिने सॅक उघडली आणि माझेच सहाशे बारा पानी चरित्र बाहेर काढले. कडेने पिवळ्या चिठ्ठ्यांची झालर लागलेली होती.

"तीनदा वाचलंय. टिपांसकट."

पुस्तक निघाल्यापासूनच्या बारा वर्षांत असे वाक्य मला कोणी ऐकवले नव्हते. त्या एका क्षणी माझा राग पातळ झाला, हे कबूल केले पाहिजे. "ते पुस्तक माझं आहे," मी म्हणालो. तिने मलपृष्ठावरचे छायाचित्र पाहिले, मग मला पाहिले, आणि काका संपून सर सुरू झाले.

"सर! मग तुम्हीच आधार विचारताय? पान दोनशे चौदा. त्यानं भावाला लिहिलेली चिठ्ठी." आणि तिने वाचून दाखवले: "'दादा, रात्रभर वहिनी भिंतीतून कण्हत असते. तिच्या आवाजावाचून आता मला दुसरं काही सुचत नाही. तू साऱ्या शहराच्या तक्रारी ऐकतोस, घरच्या वहिनीकडे कधी बघणार आहेस?' आता सर, ह्याच्यापुढे मी काय शोधायचं?"

मी पान पाहिले. छापील होते. स्वच्छ, ठसठशीत, माझ्या नावाखाली.

मूळ चिठ्ठी मी पाहिलेली आहे. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. तीत शब्द 'वहिनी' नाही. 'वाहिनी' आहे. त्या खात्यात पाण्याच्या मोठ्या पाइपाला पाइप म्हणत नाहीत, वाहिनी म्हणतात, आणि दोघे भाऊ घरीही खात्याचीच भाषा बोलत. मागच्या खोलीच्या भिंतीतून इमारतीची वाहिनी जात होती. ती गळत होती, म्हणून अल्बमचे नाव 'ओल'. ती रात्रभर एका खर्ज स्वरात घुमत होती, म्हणून अल्बमच्या नऊही गाण्यांच्या तळाशी तो एक स्वर आहे. त्या 'भिंतीतून बोलणारी'चा व्यास आठ इंच होता.

"हे वाहिनी आहे," मी म्हणालो. "नळी. पाण्याची."

"छापलंय तर वहिनी."

"काना पडला आहे."

"एकदाच पडला असता तर मानलं असतं, सर." तिने दुसऱ्या पिवळ्या चिठ्ठीचे पान उघडले. "पान अठ्ठ्याऐंशी. 'शहराची मुख्य वहिनी जुनी व गंजलेली असल्याने ती बदलून नवी आणण्याचा ठराव खात्याने एकमताने संमत केला.' मला वाटलं ही तुमची शैली आहे. बोचरी."

मग मला आठवले. अक्षरजुळणी करणाऱ्याने घरगुती प्रकरणात माझ्या बहिणीचा उल्लेख तीन ठिकाणी 'वाहिनी' असा केला होता. मी संतापलो होतो. त्या पानाच्या समासात मी लाल शाईने, दोनदा अधोरेखित करून लिहिले होते: 'सर्वत्र वहिनी करा.' तो सज्जन माणूस होता. त्याने सर्वत्र केले. आणि चार वेळा मुद्रिते तपासल्याची फुशारकी प्रस्तावनेत मारणाऱ्या मी त्यानंतर पाचव्यांदा तपासली नाहीत.

सहा महिने ज्या अडाणीपणावर मी मनातल्या मनात निबंध रचत होतो, त्याचे हस्ताक्षर माझे होते.

"सहावा थांबा आज मी सांगतो," मी म्हणालो. तिने डबीचा माईक काढून माझ्या हातात दिला. ती वाईट मुलगी नव्हती, हे मला आणखीच जाचले.

ताईच्या खिडकीखाली बावीस जण उभे होते. खिडकी अर्थात बंद होती. मी माझी ओळख करून दिली, टाळ्या पडल्या, आणि मी दोनशे चौदाव्या पानावरची चूक विशद करू लागलो. मूळ चिठ्ठी, खात्याची परिभाषा, ओलीचा नकाशा, सारे क्रमाने मांडले. माझ्या मते ते निर्दोष विवेचन होते.

"म्हणजे आता प्रकरण दाबायचं चाललंय," जाकीटवाला शेजारच्याला म्हणाला.

"काहीही दाबायचं नाही. ती नळी होती."

"तुम्ही त्या वहिनींचे कोण?"

"भाऊ."

"बघा!" तो गर्दीकडे वळला, आणि बाविसांपैकी निदान पंधरा माना समजूतदारपणे हलल्या. एक बाई कनवाळूपणे म्हणाली, "घरच्यांना अवघडच असतं हो." मी पुरावा देत गेलो आणि प्रत्येक पुराव्यागणिक माझी बहीण अधिकाधिक बदनाम होत गेली. आणखी दहा मिनिटे मिळाली असती, तर मी तिचे लग्न मरणोत्तर मोडले असते.

वर खिडकी उघडली.

"काय रे," ताई म्हणाली, "तुला बंद करायला पाठवलं होतं की चालवायला?"

"ताई, चूक माझी आहे."

"कसली?"

मी दोन वाक्यांत सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी टिपेशिवाय सांगत होतो. ती गजांना धरून ऐकत राहिली.

"म्हणजे माझ्या जागी नळ?"

"नळी."

"आणि गेले सहा महिने मी दारं-खिडक्या लावून बसले, ती तुझ्या लाल शाईपायी?"

"हो."

"शहाणा!" ती म्हणाली, आणि लहानपणापासून हा शब्द तिने माझ्यासाठी कधीही स्तुती म्हणून वापरलेला नाही. मग ती मुलीकडे वळली. "ए बाळ, इतके दिवस मी तुला वरून शिव्या घातल्या, त्या परत घेते. ह्याच्या नावावर टाक. आणि ऐक. त्या नळीचा मलाही वीट आला होता. सकाळी सहाला कामावर जायचं, आणि रात्रभर भिंत रडतेय. ह्यांना सांगून सांगून जीभ झिजली. गावभरच्या नळ्या बघायचे, घरची दिसायची नाही. शेवटी मीच माणूस बोलावला आणि एका दुपारी बदलून घेतली. पंधरा दिवसांत भाऊजींनी खोली सोडली. म्हणाले, 'वहिनी, इथं आता फार शांत वाटतं, काही होत नाही.' मला वाटलं, माझे आभार मानतायत."

 सहाशे बारा पानांत 'ओल'नंतर त्याची प्रतिभा का आटली यावर माझी बावीस पाने आहेत: प्रसिद्धीचा ताण, मद्य, बदलती अभिरुची. प्लंबरचा उल्लेख नाही. बहिणीला विचारायचे मला सुचले नव्हते. ती दर रविवारी मला जेवू घालत असे, तेव्हा मी तिला भोंग्याविषयी सांगत असे.

"मॅडम," मुलगी अगदी हळू म्हणाली, "हे आधीच्यापेक्षा कितीतरी भारी आहे."

"असेल. पण इथं थांबायचं नाही."

"मॅडम, सहा थांबे जाहीर केलेत. आमचे मालक ऐकणार नाहीत. पाचच केले तर—"

"मग ह्याला घ्या." ताईने माझ्याकडे बोट दाखवले. "चूक ह्याची, थांबा ह्याचा. फेरी परत त्या पाणीखात्याच्या फाटकाशी न्या आणि ह्याला तिथं उभा करा. बोलायची हौस आहेच."

मुलीने माझ्याकडे पाहिले. जाकीटवाल्यानेही पाहिले. चार दशके विद्यापीठात घासल्यावर माणूस 'मी विचार करून कळवतो' असे म्हणायला शिकतो, पण वर खिडकीत ती उभी होती आणि तिच्या बाजूला खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेली, अर्धी भरलेली, लेकीकडे न्यायची बॅग मला दिसत होती.

"ठीक आहे," मी म्हणालो.

शनिवारी मी गेलो तेव्हा बॅग माळ्यावर गेली होती आणि ताई दूध घेऊन वर येत होती. साडेबारा वाजले होते, फेरी सहाव्या थांब्यावर पोचण्याच्या ऐन वेळी. रस्त्यात कोणी नव्हते. तेवढ्यापुरते सारे ठीक झाले.

पुढच्या गुरुवारी मी फाटकाशी उभा राहिलो. प्रेमकथा ऐकायला आलेल्या अठरा माणसांना आठ इंची नळीविषयी सांगणे हे कुठल्याही विद्वत्सभेपेक्षा कठीण काम आहे. चेहरे कसे पडतात ते समोर दिसते. पण गोष्टीत प्लंबर आला आणि सगळे सावरून उभे राहिले. शेवटी एका शाळामास्तरांनी हात वर केला.

"सर, तो प्लंबर कोण होता? आहे का अजून?"

एकशे चाळीस पाने टिपा लिहिलेल्या माणसाला सांगावे लागले की ठाऊक नाही. मुलीने वहीत काहीतरी लिहून घेतले, आणि तिच्या डोळ्यांत मला सातवा थांबा स्पष्ट दिसला.

मी तिथूनच ताईला फोन लावला.

"तो नळी बदलणारा माणूस कोण गं? आठवतो?"

"आठवतो की. वरच्या बोळात राहायचा, अजून तिथंच आहे. म्हातारा झालाय. परवाच भेटला."

"नाव सांग. लिहून घेतो."

माझ्यामागची गर्दी ताईला फोनमधून ऐकू गेली असावी.

"नाही सांगणार," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.